संत्रा, लाल अंबाडी आणि चांगली रम: गावाकडच्या घरी उष्ण प्रदेशातली कॉकटेल्स

वरुडच्या बाजूला आमची संत्र्याची बाग आहे. मागच्या एप्रिलमध्ये तालुक्याच्या वाईन शॉपमध्ये रम मागितली, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "उन्हायात रम कोन घेते भाऊ? थे तं थंडीची चीज हाय." आपल्याकडे हीच समजूत पक्की आहे. रम म्हणजे डिसेंबरची शेकोटी, कोमट पाणी आणि घशाला शेक. पण रम जन्मली ती कॅरिबियन बेटांवर, वर्षभर घाम काढणाऱ्या हवेत. तिथले लोक ती लिंबू, बर्फ आणि फळांच्या रसात घालून पितात. रमने अंगात ऊब येते असं वाटतं, तेही खरं नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटतं, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर पडत असते.

कॅरिबियन पेयांचा अभ्यास करत गेलो तसं लक्षात आलं की त्यांना लागणारं बहुतेक सामान आपल्या शिवारात आहे. मूळ डायकिरीत, म्हणजे रम, लिंबू आणि साखरेच्या क्युबन कॉकटेलमध्ये, पडणारं छोटं, पातळ सालीचं, सुगंधी लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू. जात तीच, दुसरी नाही. माई ताई या रमच्याच दुसऱ्या कॉकटेलमध्ये लागणारा 'रॉक कँडी' पाक म्हणजे आपली खडीसाखर. जमैकात ख्रिसमसला रम घालून जे लालभडक 'सॉरेल' पितात ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आणि ते माझी आई दर हिवाळ्यात करते. म्हणून माझं सांगणं असं आहे: रमवर बेताचा खर्च करा, ती पारखून घ्या, आणि उरलेला जीव रसांत ओता. बहुतेक पेयांत निम्म्याहून जास्त रसच असतो, आणि ताज्या रसाच्या बाबतीत मुंबईचा महागडा बारही गावच्या घराची बरोबरी करू शकत नाही.

आधी कायद्याचं

वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये लोकांच्या, विशेषतः बायांच्या, चळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी लागली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या जिल्ह्यात राहत असाल तर या लेखातला रमचा भाग सोडून द्या. सरबतं आणि पाक मात्र सगळे तुमचेच आहेत आणि ते रमशिवायही उत्तम लागतात. बाकी महाराष्ट्रात रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. तो वर्षाचा किंवा कायमचा काढता येतो. काढून ठेवा.

दुसरी गोष्ट मी अगदी तळमळीने सांगतो. हातभट्टीची दारू कुठल्याही कॉकटेलमध्ये घालू नका, ती कितीही 'अस्सल' असल्याचं कोणी सांगितलं तरी. तिच्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीव जातो, आणि ते चवीवरून ओळखता येत नाही.

रमची बाटली वाचायची कशी

रम उसापासून होते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण उसापासून म्हणजे नेमकं कशापासून? साखर काढून झाल्यावर कारखान्यात जी काळी, दाट मळी उरते, तिच्यापासून जगातली बहुतेक रम होते. मार्टिनिकसारख्या फ्रेंच बेटांवर मात्र ताज्या उसाच्या रसापासून करतात. तिला गवताचा, ओल्या उसाचा वास असतो. रसवंतीच्या चरकाजवळ उभं राहिल्यावर येतो ना, त्याच घराण्यातला. जमैकाची रम तांब्याच्या भट्टीतून, जास्त आंबवून काढलेली असते. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि अननसाचा दरवळ असतो. क्युबाच्या धर्तीची रम हलकी, गाळलेली, स्वच्छ.

भारतात स्वस्त रमपैकी बरीचशी अशी बनते: मळीपासून अगदी शुद्ध, बिनवासाचं मद्यार्क काढायचं, त्यात थोडी मुरलेली रम, करपवलेल्या साखरेचा रंग आणि स्वाद मिसळायचा. हे बेकायदा नाही. पण आपण काय घेतोय ते कळायला हवं. त्यासाठी लेबलवर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ताकद. आपल्याकडच्या बहुतेक रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं आणि बाजूला '७५ प्रूफ' किंवा '२५ यू. पी.' असंही दिसतं. अनेकांना वाटतं यू. पी. म्हणजे उत्तर प्रदेश. तसं नाही, ते 'अंडर प्रूफ', म्हणजे प्रूफच्या खाली. इंग्रजांच्या काळच्या मोजपट्टीत ५७.१५ टक्के मद्यार्क म्हणजे १०० प्रूफ. त्याच्या पंचवीस अंश खाली म्हणजे ७५ प्रूफ, म्हणजेच ४२.८ टक्के. कॉकटेलला ही ताकद चांगली, कारण बर्फ वितळूनही रमची चव टिकते.

दुसरी गोष्ट, रंग आणि स्वाद घातल्याचा उल्लेख. करपवलेल्या साखरेचा रंग घातला असेल तर फार बिघडत नाही. 'स्वाद घातलेला' असं असेल तर तो बहुतेक व्हॅनिला असतो, आणि लिंबासोबत तो आइस्क्रीमसारखा वर येतो.

तिसरी, वय. लाकडी पिंपात रम मुरते तेव्हा थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के उडते, बंगळुरूसारख्या ठिकाणी १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्या हवेत तीन वर्षं मुरलेली रम थंड देशातल्या तीन वर्षांपेक्षा कितीतरी जास्त पिकलेली असते. त्यामुळे आकडा लहान दिसला म्हणून नाक मुरडू नका.

कोणती घ्यायची

तालुक्याच्या दुकानात साधारणपणे ओल्ड मंक, मॅकडॉवेल्सची सेलिब्रेशन आणि पांढरी बकार्डी मिळते. यांतून सुरुवात करायची तर मी सांगेन एक ओल्ड मंक आणि एक पांढरी बकार्डी. ओल्ड मंक १९५४ पासून मोहन मीकिन कंपनी काढते. तिच्यात व्हॅनिला, गूळ आणि मनुकांचा गोडवा आहे. संत्रा, अंबाडी, आलं, गूळ यांच्याशी तिचं छान जमतं. डायकिरीत मात्र ती लिंबावर चढून बसते, तिथे हलकी पांढरी रम हवी. पांढरी रमही पिंपात मुरवलेली असू शकते. मुरवून मग कोळशातून गाळली की तिचा रंग जातो. म्हणजे पांढरी ती कच्ची आणि काळी ती जुनी, हा हिशेब चुकीचा आहे.

नागपूर किंवा अमरावतीला जाणं झालं तर मोठ्या दुकानात दोन-तीन नावं आवर्जून विचारा. अमृत कंपनीची 'टू इंडीज' ही कॅरिबियन रम आणि गुळापासून काढलेली भारतीय रम यांचं मिश्रण आहे. माझ्या मते माई ताईसाठी देशात मिळणाऱ्यांपैकी ती फार योग्य. 'कामिकारा' हरियाणातल्या इंद्रीच्या पिकॅडिली कंपनीची, उसाच्या रसापासून केलेली. तिची जुनी, महाग बाटली कॉकटेलमध्ये ओतू नका, ती नुसती, एखाद्या थेंब पाण्यासोबत घ्यायची चीज आहे. गोव्याची 'मका झाय'ही विचारून बघा. दुकानदार नाही म्हणाला तरी नाव सांगून या. चार जणांनी विचारलं की पुढच्या खेपेला एखादी पेटी येते, हे मी स्वतः पाहिलंय.

परदेशातून कोणी येत असेल, आणि आजकाल प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी दुबई-दोहाला असतंच, तर एका प्रवाशाला २ लिटर दारू कर न भरता आणता येते. विमानतळावरून जमैकाची एक बाटली आणायला सांगा. ती वर्षभर पुरते, कारण ती नुसती वापरायची नसते. साध्या रमच्या ४५ मिलीत ती १५ मिली घातली तरी अख्खा ग्लास दरवळतो.

नवीन रम घेताना खंबा उचलू नका. जिथे मिळेल तिथे आधी पव्वा घ्या. १८० मिलीत तीन वेळा चव बघून होते. घरी आणल्यावर मी एक सोपी परीक्षा करतो. दोन थेंब तळहातावर चोळतो. मद्यार्क उडाल्यावर हाताला काय वास उरतो? ऊस, लाकूड, सुकामेवा असं काही उरलं तर माल बरा. नुसताच केकच्या इसेन्सचा वास उरला, तर समजायचं. ग्लासाच्या तळाशी अर्धा चमचा रम रात्रभर उघडी ठेवली आणि सकाळी बोट चिकटलं, तर साखर बरीच घातलेली आहे. अशी रम टाकायची नाही, फक्त पाक कमी घालायचा.

बनावट मालाचं सांगायला हवं. ग्रामीण भागात महाग बाटलीत हलका माल भरून विकण्याचे प्रकार होतात. परवानाधारक दुकानाशिवाय कुठूनही घेऊ नका. झाकणाचं सील, उत्पादन शुल्क खात्याचा होलोग्राम, बॅच क्रमांक हे सगळं बघा. आणि आपल्या घरची महाग बाटली रिकामी झाली की लेबल फाडून, झाकण वेगळं करूनच भंगारवाल्याला द्या. तीच बाटली पुन्हा भरली जाते.

बाटली ठेवायची उभी, अंधाऱ्या कपाटात. टिनाच्या छपराखालच्या खोलीत, ४५ अंशांत ठेवू नका. अर्ध्याहून कमी राहिली की छोट्या बाटलीत ओता, हवा कमी लागते आणि वास टिकतो.

लिंबू

सगळ्या पेयांचा कणा लिंबू आहे. अकोल्याकडची कागदी लिंबं वाखाणण्यासारखी. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीडीकेव्ही लाइम' ही जात काढली आहे. पूर्ण हिरवंगार नको आणि पूर्ण पिवळंही नको. पिवळसर झाक आलेलं, हाताला जड लागणारं, गुळगुळीत सालीचं घ्या. टणक लिंबू पाटावर तळहाताने दाबून फिरवा, मग कापा. एका कागदी लिंबातून साधारण १० ते १५ मिली रस निघतो, म्हणजे एका पेयाला दोन लिंबं धरा. पिळताना सालीचा शेवटचा थेंब काढायचा मोह टाळा, कडवटपणा तिथूनच येतो.

उन्हाळ्यात लिंबू महागतं. पावसाळ्यात स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर सरबताला आणि पंचला चालतो. डायकिरीला मात्र त्याच दिवशी पिळलेलाच हवा.

संत्रा, आणि तो कडू का होतो

हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. एकदा घरी पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री चार लिटर संत्र्याचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी तोंडात घेतला तर कडू. बागेतलीच संत्री, आदल्या दिवशी मधासारखी गोड. पुढे कळलं की नागपुरी संत्र्याच्या पाकळीच्या पडद्यांत आणि बियांत एक बिनकडू घटक असतो. रस काढल्यावर आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि लिमोनिन कडू असतं. म्हणजे दोष संत्र्याचा नव्हता, वेळेचा होता.

म्हणून संत्र्याचा रस प्यायच्या वेळीच काढायचा. मिक्सरमध्ये तर कधीच फिरवू नका, बिया फुटतात. आडवं कापून हाताच्या दाबयंत्रात हलकं दाबायचं आणि लगेच गाळायचं. अर्ध्या तासात संपवायचं. आंबिया बहाराची (थंडीच्या शेवटी फुललेल्या झाडांची) संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची (पावसाच्या सुरुवातीला फुललेल्यांची) फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. कॉकटेलला मला मृगाची आवडतात, त्यांत गोडवा आणि आंबटपणा दोन्ही भरपूर.

आता साल. आपण ती फेकतो, आणि खरा सुगंध तर तिच्यातच आहे. संत्र्यापासून केलेलं क्युरासाव नावाचं परदेशी मद्य गावात मिळत नाही, पण त्याची उणीव ही साल भरून काढते. सहा संत्री कोमट पाण्यात चांगली चोळून धुवा. फवारणीची असतील तर जास्तच, आणि बाजारातली मेण लावलेली शक्यतो टाळा. साल काढून आतला पांढरा भाग सुरीने खरवडा. २०० ग्रॅम साखरेत ती साल घालून लाटण्याच्या टोकाने ठेचा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर सालीच्या तेलाने ओली, केशरी झालेली असते. त्यावर १०० मिली गरम पाणी घालून ढवळा आणि गाळा. हा पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो. माझ्या घरी तो दोन आठवडे कधी उरत नाही, मुलं सोड्यात घालून संपवतात.

लाल अंबाडी

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुऱ्यावरच्या लाल अंबाडीला बोंडं धरतात. बोंडाच्या आतली हिरवी गाठ काढून टाकायची आणि बाहेरच्या लाल, मांसल पाकळ्या घ्यायच्या. सॉरेलमध्ये आलं हवंच. आई आधी आलं घालत नसे, मी सुचवल्यावर घालायला लागली आणि आता ती म्हणते आधीचं काहीतरी कमीच होतं.

१०० ग्रॅम ताज्या पाकळ्या, अर्धा लिटर पाणी, बोटभर आलं ठेचून, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा. पाणी उकळवून गॅस बंद करायचा, मग सगळं त्यात टाकून झाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पाकळ्या उकळत ठेवल्या तर रंग गडद होतो, पण ताजी चव मरते. सकाळी गाळून २०० ग्रॅम साखर विरघळवायची. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, अंबाडी फार आंबट असते. वाळवलेल्या पाकळ्या वापरायच्या तर २५ ग्रॅम पुरतात, आणि त्या वर्षभर डब्यात राहतात. हंगामात दोन-तीन किलो वाळवून ठेवा.

चारोळीचा पाक

माई ताईत बदामाचा दुधाळ पाक पडतो, त्याला ओर्जा म्हणतात. आमच्याकडे मेळघाटातून येणारी चारोळी असते, आणि एके दिवशी मी बदामाऐवजी तीच वापरून पाहिली. बदामापेक्षा मऊ आणि किंचित रानवट चव येते. आता मी बदामाकडे परत जात नाही.

५० ग्रॅम चारोळी चार तास भिजवा, २०० मिली पाण्यासोबत अगदी बारीक वाटा, मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. त्या दुधात २०० ग्रॅम कुटलेली खडीसाखर मंद आचेवर विरघळवा, उकळी येऊ देऊ नका. गार झाल्यावर गुलाबजलाचे चार थेंब. पाच-सहा दिवस फ्रिजमध्ये राहतो. थर वेगळे होतात, वापरताना हलवायचं. चारोळी खवट नाही ना, हे घेताना एक दाणा चावून बघाच.

बाकीचे रस, थोडक्यात

उसाचा रस रसवंतीतून आणाल तर बर्फाशिवाय, लिंबाशिवाय मागा आणि तासाभरात वापरा, तो काळा पडतो आणि आंबतो. गुळाचा पाक करताना गडद रंगाचा गूळ घ्या. पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाने उजळलेला असतो. २०० ग्रॅम गुळाला १५० मिली पाणी, आणि गाळायला विसरू नका, कचकच निघते. साधा पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान.

अननस आपल्याकडे बाहेरून येतो. बुडाशी नाक लावून गोड वास आला तरच घ्या. त्यात गाईचं दूध किंवा साय घालू नका. अननसातला ब्रोमेलेन नावाचा घटक दुधातली प्रथिनं तोडतो आणि चव कडवट होते. पिना कोलाडात नारळाचं दूधच का असतं, याचं आपल्या जिभेपुरतं उत्तर तेच. एक नारळ खवून १५० मिली गरम पाण्यात पिळला की पुरेसं दाट दूध मिळतं.

कैरी मे महिन्यात, जांभूळ जूनमध्ये, कवठ हिवाळ्यात. कवठाचा गर गुळासोबत कालवून गाळला तर काळ्या रमशी त्याचं विलक्षण जुळतं. सीताफळ वापराल तर गर हाताने काढा, मिक्सरमध्ये बी जाऊ देऊ नका, तिच्यात विषारी अंश असतो. मोहफुलांचा पाकही होतो. वाळलेली फुलं धुऊन, आतले केसर काढून, थोड्या पाण्यात शिजवून गाळायची. मोहाचा वास कणखर असतो, म्हणून दहा मिलीच्या वर घालू नका.

बर्फ आणि अवजारं

बर्फाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि खेड्यात तर तोच सगळ्यांत अवघड. गाडीवरची लादी घेऊ नका. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, पण रंग नसला म्हणजे बर्फ स्वच्छ आहे असंही नाही. पाणी उकळून, गार करून, स्टीलच्या वाट्यांत आदल्या रात्री गोठवा. मोठा खडा हळू वितळतो. लाइट जायची भीती असेल तर गोठलेले खडे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये एकमेकांना चिकटवून ठेवा, दोन-तीन तास निभतात. चुरा हवा असेल तर जाड फडक्यात गुंडाळून वरवंट्याने ठेचा.

हलवायला घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा बाटली पुरते. आत रम, रस, पाक आणि मूठभर बर्फ घालून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं. डब्यावर बाहेरून दव धरलं आणि हात बधिर झाला की झालं. मोजायला खोकल्याच्या औषधासोबत येणारं खुणांचं नवं झाकण चांगलं, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. अंदाजाने ओतू नका. पाच मिली लिंबाने पेय बिघडतं.

आता पेय

सुरुवात डायकिरीने करा, कारण तिच्यात लपायला जागा नाही. ही क्युबातल्या सांतियागोजवळच्या डायकिरी गावाच्या नावाची. १८९८ च्या सुमारास तिथल्या खाणीत काम करणाऱ्या जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावर ती सांगतात. पांढरी रम ६० मिली, लिंबाचा रस २५, साधा पाक २०. बर्फासोबत हलवून गाळून घ्या. आंबट वाटली तर पुढच्या वेळी पाक पाच मिली वाढवा. लिंबं दर महिन्याला वेगळी असतात, त्यामुळे दर महिन्याला हे प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं. तीन-चार वेळा केल्यावर हाताला अंदाज येतो आणि मग बाकी सगळी पेयं सोपी होतात.

माई ताई १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला व्हिक्टर बर्जेरॉन यांनी केली. वरुडलाही लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, म्हणून तिच्यावर माझा विशेष जीव. मुरलेली रम ६० मिली, लिंबू २५, संत्रासालीचा पाक १५, चारोळीचा पाक १०. हलवून, ठेचलेल्या बर्फावर ओता. पिळलेल्या लिंबाची अर्धी साल आणि पुदिन्याची काडी वर खोचा. काडी आधी तळहातावर एकदा थोपटा. पिताना नाकाशी पुदिना यायला हवा.

अंबाडीचं पेय दिवाळीनंतरच्या संध्याकाळी. काळी रम ४५ मिली, अंबाडीचं सरबत ९०, लिंबू १०, वरून सोडा. रंग इतका सुंदर येतो की स्टीलच्या ग्लासात देऊ नका, काचेचाच काढा.

उसाच्या रसाचं पेय सर्वांत साधं आणि मार्च-एप्रिलमध्ये मला सर्वांत प्रिय. रस १२० मिली, रम ४५, लिंबू १५, आल्याचा रस अर्धा चमचा, भरपूर बर्फ. पाक घालायचा नाही. यात उसाच्या रसापासून केलेली रम पडली तर ऊस दोनदा भेटतो.

पाहुणे जास्त असतील तर पंच करा. हा शब्द आपल्याच 'पंच'वरून, पाच जिनसांवरून गेला असं मानतात. कॅरिबियनमधलं जुनं प्रमाण एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. मला दोन भाग गोड फार होतं, मी दीड घेतो. सहा जणांसाठी: लिंबू १०० मिली, गुळाचा पाक १५०, काळी रम ३००, ताजा संत्र्याचा रस २५० आणि गार पाणी किंवा काळा चहा १५०. मोठ्या भांड्यात, मोठ्या बर्फाच्या गोळ्यासोबत. वरून जायफळ किसा. संत्रं अगदी शेवटी पिळा, कारण वर सांगितलंय. आणि शेजारी तेच मिश्रण रमशिवाय, दुसऱ्या भांड्यात नक्की ठेवा. आमच्या घरी ते आधी संपतं.

पिना कोलाडा १९५४ मध्ये पोर्तो रिकोच्या कॅरिब हिल्टन हॉटेलात झाल्याचं सांगतात. पांढरी रम ५० मिली, अननसाचा ताजा रस ९०, नारळाचं दाट दूध ४०, पाक १५, लिंबू १०. मूळ कृतीत लिंबू नाही, पण आपल्याकडच्या अननसाला ते हवं असतं.

किती

गोड, थंड पेयात रम जाणवत नाही, म्हणून आकडा लक्षात ठेवा. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिली रममध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतं. १० ग्रॅम म्हणजे एक प्रमाण पेय. म्हणजे एका डायकिरीत दोन आली. मी स्वतः एका संध्याकाळी एकच घेतो, फार तर दुसरं अर्ध्या मापाचं. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी आधीच कमी असतं आणि मद्यार्क ते आणखी काढतं, म्हणून प्रत्येक ग्लासामागे तांब्याभर पाणी. दिवसभर उन्हात काम करून आलात तर आधी पाणी, जेवण, आणि मग बघा. लिव्हर, साखर, रक्तदाबाची गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल तर रम नाहीच. प्यायल्यावर मोटरसायकलला हात लावायचा नाही, शेतावर जायचं असलं तरी. ज्याच्या घरात दारूने आधी कोणाचं वाटोळं केलंय, त्याला आग्रह करू नका. त्याच्यासाठी अंबाडीचं सरबत सोडा घालून, त्याच काचेच्या ग्लासात, तसाच पुदिना खोचून द्या.

आत्ता हिवाळा तोंडावर असेल तर पहिलं काम बाजारातून लाल अंबाडीची बोंडं आणायचं. बाटली नंतर आणली तरी चालेल, बोंडांचा हंगाम जेमतेम दीड महिना असतो.